नवीन वस्तूची ऑनलाइन जाहिरात : क्लिकमागे पैसे कसे जातात?

पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ पारंपरिक व्यवसायांत चर्मकार आणि पादत्राणे कारागिरांचा समावेश आहे. प्रशिक्षण आणि अवजारांनंतर अनेक लाभार्थी आपली वस्तू ऑनलाइन बाजारपेठेत नोंदवतात. नोंदणी होताच विक्रेत्याच्या खात्यात 'आपल्या उत्पादनाची जाहिरात करा' अशी सूचना दिसू लागते. ते बटण दाबण्याआधी हा खर्च कसा मोजला जातो, ते समजून घ्या.

क्लिकमागे शुल्क म्हणजे काय?

ग्राहकाने 'कोल्हापुरी चप्पल' असे शोधले की यादीत काही वस्तू वरच्या बाजूला दिसतात आणि त्यांच्यावर 'प्रायोजित' असे लिहिलेले असते. ती जागा लिलावाने मिळते. एका क्लिकसाठी जास्तीत जास्त किती रुपये द्यायचे ते आपण ठरवतो, त्याला बोली म्हणतात. वस्तू नुसती दिसली तर पैसे लागत नाहीत. ग्राहकाने तिच्यावर बोट ठेवून पान उघडले की पैसे लागतात, मग तो चप्पल घेवो अथवा न घेवो. घेतलेली चप्पल मापात बसली नाही म्हणून परत आली, तरी क्लिकचे पैसे परत मिळत नाहीत. पादत्राणांच्या धंद्यात ही बाब फार महत्त्वाची आहे.

जोडामागे हिशेब

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. जोडाची किंमत ९०० रुपये. चामडे आणि मजुरी ४८०, मंचाचे शुल्क, पॅकिंग आणि पाठवणी २२०. हाती उरतात २०० रुपये. जाहिरातीचा खर्च याच २०० मधून करायचा आहे.

क्लिकचा दर ५ रुपये धरा. जाहिरात सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे एक क्लिक ५ रुपये ९० पैशांना पडतो. २५ क्लिकनंतर एक जोड विकला गेला, तर जाहिरातीचा खर्च १४७.५० रुपये होतो आणि ५२.५० रुपये उरतात. ४० क्लिक लागले तर खर्च २३६ रुपये, म्हणजे प्रत्येक जोडामागे ३६ रुपये खिशातून. या उदाहरणात ३३ क्लिकपर्यंतच मेळ बसतो. स्वतःचे आकडे घालून ही मर्यादा आधी काढा आणि वहीत लिहून ठेवा. ज्यांची जीएसटी नोंदणी नाही, त्यांना हा कर वजा करून मिळत नाही, म्हणून तो खर्चातच धरावा.

जाहिरातीआधी पान नीट करा

आमच्या मते बहुतेक पैसे येथेच वाया जातात. फोटो अंधुक, तळ कोणता ते लिहिलेले नाही, मापाच्या जागी फक्त ७, ८, ९ हे आकडे. पाऊल सेंटिमीटरमध्ये कसे मोजायचे ते लिहा, म्हणजे परत येणारे जोड कमी होतील. खपणारी मापे शिल्लक नसतील तर जाहिरात थांबवा. हवे ते माप नसले तरी क्लिकचे पैसे कापले जातातच.

सुरुवात किती रकमेने करावी?

रोजची मर्यादा लहान ठेवा. कर सोडून रोज १५० रुपये ठेवले, तर ५ रुपये दराने सुमारे ३० क्लिक मिळतात. १४ दिवसांत २,१०० रुपये आणि कर ३७८ रुपये, एकूण २,४७८ रुपये. काही मंचांवर एखाद्या दिवशी मर्यादेपेक्षा जास्त खर्च होऊन महिन्याची सरासरी राखली जाते, त्यामुळे एका दिवसाचा आकडा पाहून घाबरू नका.

पहिल्या मोहिमेत (खात्यात 'कॅम्पेन' हा शब्द दिसेल) शोधशब्द मंचालाच निवडू द्या. आठवड्याने 'सर्च टर्म' अहवाल उघडा. लोकांनी काय शोधून क्लिक केले, ते त्यात दिसते. 'रबरी चप्पल' किंवा 'लहान मुलांची चप्पल' असे शब्द आढळले आणि आपण तो माल करत नसलो, तर ते 'निगेटिव्ह' यादीत टाका. ज्या शब्दांवर खरोखर विक्री झाली, तेवढेच घेऊन दुसरी मोहीम सुरू करा. दोन-चार दिवसांत विक्री नाही म्हणून रोज बोली बदलणे टाळा, तेवढ्या थोड्या क्लिकवरून काही ठरवता येत नाही.

योजनेचे पैसे यासाठी वापरता येतील का?

१५,००० रुपयांपर्यंतचे टूलकिट प्रोत्साहन ई-व्हाउचरने मिळते आणि ते अवजारांसाठीच असते. पहिल्या टप्प्याचे कर्ज १ लाख रुपयांपर्यंत, ५ टक्के व्याजाने, १८ महिन्यांत फेडायचे असते. ते व्यवसायासाठी असले तरी विक्री होवो वा न होवो, हप्ता भरावाच लागतो. म्हणून कर्जातून आधी कच्चा माल घ्यावा आणि जाहिरात विक्रीतून उरलेल्या पैशांवर चालवावी, हे बरे. जाहिरातीची रक्कम अनेकदा विक्रीच्या जमेतून परस्पर वळती होते, तेव्हा खात्यात कमी पैसे आले तर आधी जाहिरातीचे बिल पाहा.

'सरकारी योजनेतून जाहिरात पॅकेज मंजूर झाले आहे, शुल्क भरा' असा फोन आल्यास पैसे भरू नका आणि ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.