चित्र दिसले म्हणून आपले होत नाही

जयपूरच्या सीकर रोडवरील विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात लहानमोठे अनेक कारखाने आहेत. इथला माल परगावच्या ग्राहकाला आधी दिसतो तो खोक्यावरच्या किंवा माहितीपत्रकातल्या छायाचित्रातच. यंत्राचे छायाचित्र कारखान्यातच काढता येते. पण सोबत हसरे कुटुंब हवे असेल तर? इंटरनेटवर शोधावे, आवडले ते उतरवून घ्यावे आणि छापखान्यात पाठवावे, हा मार्ग सोपा वाटतो. पण तोच महागात पडू शकतो.

कायदा काय म्हणतो?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. जाणूनबुजून तो मोडल्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

मग चित्र मिळवायचे कुठून?

तयार छायाचित्रे वापरण्यासाठी देणाऱ्या संस्था आपल्याकडे जुन्याच आहेत. जगदीश अग्रवाल यांनी १९८७ मध्ये मुंबईत ‘दिनोदिया’ सुरू केली. त्या काळी जाहिरातवाले पारदर्शिका दिव्यावर धरून चित्र निवडत. आता संगणकावर शब्द टाइप केला की हजारो चित्रे समोर येतात. म्हणूनच नुसते ‘कुटुंब’ न लिहिता ‘भारतीय कुटुंब, स्वयंपाकघर, आडवे चित्र’ असे नेमके शब्द द्यावेत. संस्थेची खूण असलेली प्रत फक्त आराखड्यापुरती वापरावी.

परवाना नीट वाचा

‘रॉयल्टी फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरून चित्र अनेकदा वापरता येते, एवढाच त्याचा अर्थ. त्यातही प्रतींची मर्यादा असू शकते. ‘राइट्स मॅनेज्ड’ चित्राची किंमत वापर, मुदत आणि प्रदेश यांवर ठरते. ‘एडिटोरियल’ चित्र बातमी-लेखासाठी असते, जाहिरातीत चालत नाही. चित्रात ओळखू येणारी व्यक्ती असेल तर तिचे संमतिपत्र आहे ना, हे पाहावे. चित्राचा क्रमांक, पावती आणि परवाना एकत्र जपून ठेवावेत.

मनासारखे चित्र मिळालेच नाही, तर गावातल्या छायाचित्रकाराला बोलवावे. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, सामान्यतः काढून घेणाऱ्याकडेच राहतो.