एअर कंडिशनरचा गॅस संपत नाही, तो गळतो

मार्चचे ऊन तापू लागले की एअर कंडिशनर दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना उसंत मिळत नाही. मुंब्रा, कुर्ला, भिवंडीपासून रत्नागिरी-रायगडपर्यंत आपल्या समाजातील अनेक तरुण या धंद्यात आहेत. कोकणातील कित्येकांनी तर हे काम दुबई, कुवेत, सौदी अरबमध्ये शिकून येथे दुकान थाटले. भांडवल थोडे, मागणी भरपूर आणि कमाई हातच्या हुन्नराची. असा हा चांगला धंदा आहे. परंतु बाजारात या धंद्याला एका वाक्याने बदनाम केले आहे. ते वाक्य म्हणजे, "गॅस संपलाय, भरावा लागेल."

आमच्या व्यापारी वाचकांपैकी अनेकांनी दुकानात, घरात किंवा मोहल्ल्याच्या मशिदीत हे वाक्य ऐकले असेल आणि दरवर्षी त्याचे पैसेही मोजले असतील. म्हणून यामागची खरी गोष्ट गिऱ्हाईक आणि कारागीर या दोघांसमोर मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

गॅस जातो कुठे?

गाडीतले पेट्रोल जळते, चुलीचा गॅस जळतो. एअर कंडिशनरमधला गॅस जळत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तो फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये त्याची वाफ होते तेव्हा तो खोलीतली उष्णता शोषून घेतो. बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रवरूप होताना तीच उष्णता बाहेर टाकतो. नळ्या शाबूत असतील तर पहिल्या दिवशी भरलेला गॅस यंत्राच्या आयुष्यभर पुरतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे फुटक्या मडक्यात पाणी ओतणे होय. गिऱ्हाइकाचे पैसे हवेत जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच तक्रार परत येते.

गारवा कमी होण्याचे कारण पुष्कळदा गॅस नसतेच. जाळीवर धूळ साचलेली असते, आतली कॉइल मळलेली असते, बाहेरच्या युनिटला कचऱ्याने वेढलेले असते किंवा कपॅसिटर कमजोर झालेला असतो. कॉइलवर बर्फ धरला की गॅस कमी आहे असे लगेच ठरवले जाते. पण जाळी तुंबून हवा अडली तरी बर्फ धरतो. तेव्हा आधी सफाई, मग विजेची तपासणी आणि शेवटी गॅस, हा क्रम कारागिराने सोडू नये.

गळती असेल तर ती बहुधा फ्लेअर नटच्या जोडावर, एकमेकांना घासणाऱ्या नळ्यांवर किंवा गंजलेल्या कॉइलमध्ये सापडते. गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर पडते, म्हणून तेलकट डाग दिसला तर तेथे साबणाचा फेस लावून पाहावा. समुद्रकाठच्या गावांत खाऱ्या हवेने बाहेरची कॉइल लवकर खराब होते. तेथे ती साध्या पाण्याने वरचेवर धुणे फायद्याचे ठरते.

वजनकाटा हवाच

प्रत्येक यंत्राच्या पट्टीवर गॅसचे नाव आणि त्याचे वजन छापलेले असते. गळती बंद केल्यावर नायट्रोजनच्या दाबाने जोड तपासावेत, व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढावी आणि नंतर पट्टीवरच्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरावा. नळी लांब असेल तर कंपनीने सांगितल्याप्रमाणे वाढीव गॅस द्यावा. केवळ गेज पाहून अंदाजाने भरण्याची सवय सोडली पाहिजे. गॅस कमी भरला तर गारवा येत नाही आणि जास्त भरला तर कॉम्प्रेसरवर ताण येतो.

कुरआन शरीफच्या ८३ व्या सूरहचे नावच मापात मारणाऱ्यांवरून पडलेले आहे. आपण ते धान्याच्या आणि कापडाच्या व्यापाऱ्याला लागू करतो. ग्रॅमवर विकला जाणारा गॅस त्यातून वगळण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. पावतीवर गॅसचे नाव, भरलेले वजन आणि गळती कोठे सापडली हे लिहून देणारा कारागीर गिऱ्हाइकाच्या मनात कायमचा बसतो.

नवे गॅस, नवा धोका

ही शिस्त आता केवळ इमानदारीपुरती उरलेली नाही, तिच्यावर जीव अवलंबून आहे. ओझोनच्या थराला हानी पोहोचते म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार जुना आर-२२ गॅस जगभर मागे पडत आहे. भारतात २०३० पर्यंत तो जवळजवळ बंद व्हायचा आहे. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता थोडा साठा त्यानंतर काही वर्षे राहील. त्याच्या जागी आलेल्या आर-४१०ए गॅसचा दाब आर-२२ च्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो, त्यामुळे जुने गेज आणि जुनी नळी त्याला चालत नाही. आज घरोघरी बसणाऱ्या अनेक यंत्रांत आर-३२ असतो. तो सौम्य ज्वलनशील आहे. आर-२९० तर शुद्ध प्रोपेन आहे. तो भडकन पेट घेतो आणि त्याला चुलीच्या गॅससारखा वासही नसतो.

आर-२२ च्या काळात थोडा गॅस सोडून नळीतली हवा बाहेर ढकलण्याची जी रीत पडली, ती या गॅसना लावली तर बंद खोलीत आगीला आमंत्रण आहे. काम करताना दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, विडी-सिगारेट दूर ठेवावी आणि नळीत गॅस असताना तिला ज्योत लावू नये. आर-२२ च्या यंत्रात आर-३२ किंवा घरगुती सिलिंडरचा गॅस भरणे हा तर सरळ गुन्हा समजावा.

आणखी एक गोष्ट आमच्या तरुण कारागिरांनी मनावर कोरून ठेवावी. जोडकामासाठी ऑक्सिजनचे सिलिंडर जवळ असते म्हणून त्याच ऑक्सिजनने दाब तपासण्याचा मोह होतो. कॉम्प्रेसरचे तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. दाब तपासायला फक्त नायट्रोजन वापरावा. त्याचप्रमाणे वरच्या मजल्यावर बाहेरचे युनिट उघडताना कमरेला पट्टा बांधल्याशिवाय सज्ज्यावर पाऊल ठेवू नये.

हिवाळ्यातला गीझर

थंडीत हेच कारागीर गॅस गीझरची कामे करतात. तेथे गॅस खरोखर जळतो आणि खोलीतली हवा खातो. बंद न्हाणीघरात हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अंघोळ करणारा बेशुद्ध पडतो आणि बाहेरच्यांना कळतही नाही. हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत असतात. म्हणून गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत न्यावी. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली तर बर्नर साफ होईपर्यंत गीझर बंद ठेवावा. रबरी नळीवरची मुदत पाहून ती बदलावी. गॅस गळतीची तक्रार १९०६ या क्रमांकावर करता येते. गिऱ्हाईक न्हाणीघरातच बसवा म्हणून हट्ट धरील, तर ते काम नाकारावे.

गिऱ्हाइकांसाठी

जाळी दर पंधरा दिवसांनी घरच्या घरी धुवावी. तापमान २४ अंशांवर ठेवावे. एक अंश वाढवला तर विजेची सुमारे ६ टक्के बचत होते, असे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाचे म्हणणे आहे. पूर्ण सफाई उन्हाळ्याच्या तोंडावर न करता महिना-दीड महिना आधी करून घ्यावी. मशिदीच्या विश्वस्तांनी हे काम रमजानच्या आधी उरकावे आणि वर्षाचा करार लेखी करावा. त्यात किती वेळा सफाई होईल आणि गळतीचा खर्च कोणाकडे, हे स्पष्ट लिहावे. चंद्याचा पैसा ही अमानत आहे. दरवर्षी गॅस भरल्याचे बिल येत असेल तर गळती कुठे सापडली, हा प्रश्न विचारणे त्यांचे कर्तव्यच आहे.

गिऱ्हाइकांनी दुसरीही बाजू पाहावी. गळती शोधणे, नायट्रोजन लावणे, व्हॅक्यूम करणे याला दोन-तीन तास लागतात. तेवढ्या वेळाची मजुरी न देता सर्वांत स्वस्त माणूस बोलावला तर तो गॅस भरून निघून जाणारच.

कारागीर बांधवांनी व्हॅक्यूम पंप, वजनकाटा आणि नायट्रोजनची सोय या तीन वस्तूंवर पहिला पैसा घालावा. ज्यांनी उस्तादाच्या हाताखाली काम शिकले त्यांनी आय.टी.आय.मधील किंवा कंपन्यांच्या प्रशिक्षणातून नव्या गॅसची माहिती घ्यावी. आपल्या मोहल्ल्यातले चार-पाच दुकानदार एकत्र आले तर महागडी अवजारे सामायिकही घेता येतील. अल्लाह सर्वांच्या मेहनतीत बरकत देवो.