तळ शाबूत, बूट बाद

भंडारा जिल्ह्यात पहाटे पाचला कोण पळतं, हे विचारावं लागत नाही. भरतीची पोरं. तुमसर, मोहाडी, पवनी, लाखांदूर, कुठेही जा. डांबरी रस्त्याच्या कडेने नाहीतर नहराच्या मुरमी वाटेने तीन-चार जणांचा घोळका घड्याळ लावून धावताना दिसतो. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. त्यातले २० मुलांनी १६०० मीटर आणि मुलींनी ८०० मीटर धावून मिळवायचे. यादी एकेका गुणावर अडते. त्यामुळे टायमिंग रोज वहीत लिहिलं जातं, भिजवलेले चणे मोजून खाल्ले जातात. बूट मात्र अंगठा बाहेर डोकावेपर्यंत वापरायचे, हा सगळीकडचा अलिखित नियम.

आणि बूट तपासायचा म्हटला की तो उलटा करून तळाची नक्षी बघतात. नक्षी शिल्लक असली तर बूट चांगला! खरी झीज तिथे नसते. रबरी तळ आणि पायाला धरून ठेवणारं कापड यांच्या मधे फोमचा एक जाड थर असतो, तो मिडसोल. बहुतेक बुटांत तो इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, म्हणजे ईव्हीए या प्लास्टिकचा असतो. त्यात हवेने भरलेल्या बारीक बंद पेशी असतात. पाऊल पडलं की त्या दबतात, उचललं की फुगतात. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीवर पडतो. ६० किलोच्या पोराचा एकेक पाय दर वेळी दीड क्विंटलच्या आसपास भार झेलतो, आणि तेही एका किलोमीटरमध्ये साधारण ५०० वेळा. ५०० किलोमीटर झाले की त्या फोमने अडीच लाख वेळा मार खाल्लेला असतो.

त्याचं पुढे काय होतं, ते बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली दाखवलं. ५०० किलोमीटर धावल्यावर टाचेखालचा सर्वाधिक दाब सरासरी दुप्पट झाला होता. ७५० किलोमीटर धावलेल्या बुटाचा फोम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पेशींच्या भिंतींना सुरकुत्या पडल्या होत्या, काहींना भोकंही. त्याआधी १९८५ च्या एका अमेरिकी प्रयोगात बुटांना यंत्रावर धाववलं होतं. पहिल्या ८० किलोमीटरनंतरच धक्के शोषण्याची क्षमता तीन-चतुर्थांशावर आली आणि ४०० ते ८०० किलोमीटरच्या दरम्यान ६० टक्क्यांच्याही खाली गेली. माणसांनी घालून धावलेल्या बुटांत मात्र ८०० किलोमीटरनंतरही सुमारे ७० टक्के उरली होती. याच प्रयोगातली दुसरी गोष्ट आपल्या पोरांच्या जास्त कामाची: धक्का शोषण्यात महाग आणि स्वस्त बुटांत फरक आढळला नाही. बूट तेव्हाचे होते हे खरं, पण सातशे-आठशेच्या बुटावर भरतीची तयारी करणाऱ्याने लाजायचं कारण नाही.

बूट ५०० ते ८०० किलोमीटरला बदलावा, हा प्रचलित आडाखा. रोज आठ किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस सराव धरला, तर ५०० किलोमीटर साडेदहा आठवड्यांत भरतात. दिवाळीत घेतलेला जोडा संक्रांतीला उतरणीला लागलेला असतो. पण आडाखा तो आडाखाच. वजन, चाल, रस्ता यांनी तो पुढेमागे होतो. मुरूम रबर लवकर खातो, सिमेंट रस्ता पायाला जराही सवलत देत नाही.

म्हणून किलोमीटर वहीत लिहावेत, पण बूटही बघावा. दोन्ही बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. एखादा आत किंवा बाहेर कलला असेल, तर फोम एका बाजूने बसला आहे. मिडसोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या कायमच्या राहिल्या असतील आणि अंगठ्याने दाबल्यावर तो लाकडासारखा लागत असेल, तर त्याचे दिवस भरले. बूट चवड्याजवळ वाकायला हवा. मधोमध दुमडत असेल तर सोडून द्या. टाचेची बाहेरची कड आधी झिजणं मात्र नैसर्गिक आहे. बहुतेकांचं पाऊल तिथेच आधी टेकतं. त्यावरून ‘तुझा पाय वाकडा आहे’ असं सांगणाऱ्या जाणकारांकडे दुर्लक्ष करावं. मोची तळ चिकटवून देईल, शिवण घालून देईल. बसलेला फोम त्याच्याही हातात नाही.

आपल्याकडचं हवामान बुटाचं आयुष्य वेगळ्या तऱ्हेने कमी करतं. मे महिन्यात टिनाच्या छपरावर वाळत घातलेल्या बुटाचा डिंक सुटतो, ईव्हीए आकसतो. ओला बूट सावलीत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळवावा. चुलीजवळ तर मुळीच नाही. काही बुटांचा मिडसोल पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने त्याचे रेणू तुटतात. ‘भरतीच्या वेळी काढू’ म्हणून दोन-तीन पावसाळे पेटीत जपलेला असा कोरा जोडा पहिल्याच राऊंडला भुगा होऊ शकतो.

आता शिन पेन, म्हणजे नडगीचं दुखणं. अकॅडमीतल्या दर दुसऱ्या पोराच्या तोंडी हा शब्द, आणि दोष बहुधा बुटाला. झिजलेला बूट दुखापत करतोच, असं ठामपणे म्हणता येत नाही. २००९ च्या एका अभ्यासात ३२० किलोमीटर वापरलेल्या बुटांत धावणाऱ्यांचं पाऊल जमिनीवर किंचित जास्त वेळ टेकलं, पण पायावरचा जोर बदलला नाही. शरीराने स्वतःच चाल सावरून घेतली. भरतीची जाहिरात येताच एकदम दुप्पट पळणं, हे नडगी दुखण्याचं फार मोठं कारण आहे. आणि हाडावर एकाच ठिकाणी, बोट ठेवताच कळ येत असेल तर नवा बूट घ्यायला नव्हे, डॉक्टरांकडे जावं. ती हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते.

जमलं तर दोन जोड आलटून-पालटून वापरावेत. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावपटूंवर २२ आठवडे नजर ठेवली, तेव्हा असं करणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी दिसला. दोन जोड म्हणजे दुप्पट खर्च असंही नाही, कारण प्रत्येक जोडा निम्माच पळतो. नवा जोडा ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या, तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी पायात यावा, फोड यायचे ते तेव्हाच येऊन जातील. जुना गोळाफेकीच्या सरावाला आणि बांधीवरून चक्कर मारायला अजून वर्षभर चालेल.