फिरते एजंट आणि खोडदच्या अँटेना

एका संगणकावर सुरू केलेले काम मध्येच थांबवून, आपली माहिती सोबत घेऊन दुसऱ्या संगणकावर जाणारा आणि तिथे ते पुढे नेणारा प्रोग्राम म्हणजे फिरता एजंट. १९९०च्या दशकात जनरल मॅजिक कंपनीची टेलिस्क्रिप्ट आणि आयबीएमच्या टोकियो येथील प्रयोगशाळेतले अ‍ॅग्लेट्स यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. तेव्हा नेटवर्क संथ होते. ढीगभर माहिती मागवून घेण्यापेक्षा छोटा प्रोग्रामच माहितीपाशी धाडावा आणि त्याने फक्त उत्तर घेऊन परतावे, असा त्यामागे हिशेब होता.

असा एजंट एकसंध लिहिला तर लवकरच आवरेनासा होतो. म्हणून प्रवास, निरोपांची देवाणघेवाण, स्मृती, सुरक्षा आणि नेमून दिलेले काम हे सुटे भाग वेगवेगळे घडवतात. कामाचा भाग बदलला की बाकीच्या जुन्याच भागांवर नवा एजंट उभा राहतो. यात प्रवासाचा भाग सर्वांत नाजूक. जावा भाषेत एजंटाजवळची माहिती बांधून पाठवता येते, पण प्रोग्राम नेमका कोणत्या ओळीवर थांबला होता, हे सोबत नेता येत नाही. मुक्कामी पोचलेला अ‍ॅग्लेट त्यामुळे ठरलेल्या आरंभापासूनच चालू लागतो. कुठवर आलो होतो, हे त्याने निघण्याआधीच स्मृतीत नोंदवलेले असावे लागते.

सुट्या भागांची ही शिस्त जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडद येथे पाहायला मिळते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी ही दुर्बीण तिथे आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर. टोकाच्या अँटेनांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर. प्रत्येक अँटेना आडवी-उभी फिरवायची, तिच्यावरच्या यंत्रणेवर लक्ष ठेवायचे आणि वारा फार वाढला की ती सुरक्षित स्थितीत आणायची. ३० ठिकाणी तेच काम असेल, तर त्याचा प्रोग्राम ३० वेळा लिहिणे हा शुद्ध अपव्यय.

अद्ययावत जीएमआरटीसाठी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या सहकार्याने टँगो या चौकटीवर नियंत्रण प्रणाली बांधण्यात आली. टँगोचा उगम फ्रान्समधील ग्रनोबल येथील सिंक्रोट्रॉन केंद्रातला. तिच्यात उपकरणाचा वर्ग एकदाच लिहायचा आणि त्याची हवी तितकी उपकरणे घडवायची. प्रत्येक उपकरणाला तीन भागांचे नाव असते आणि ते कोणत्या संगणकावर चालू आहे, हे मध्यवर्ती डेटाबेस जाणतो. आज्ञा देणारा प्रोग्राम नावाने हाक मारतो; पत्ता त्याला ठाऊक असण्याची गरज नाही. संगणक बंद पडला तर उपकरणे चालवणारा तोच सर्व्हर दुसऱ्या संगणकावर सुरू करता येतो आणि जपून ठेवण्यासाठी नेमलेली मूल्ये डेटाबेसमधून परत लावली जातात.

टँगोचे उपकरण स्वतःहून कुठे जात नाही, त्यामुळे काटेकोर अर्थाने तो फिरता एजंट नव्हे. पण नव्याने आरंभ आणि जपलेली स्मृती ही जोडी अ‍ॅग्लेटचीच. प्रवासाचा भाग मात्र एजंटाच्या पोटातून काढून बाहेरच्या व्यवस्थेकडे सोपवला आहे, आणि हाच मार्ग अधिक शहाणपणाचा. परका प्रोग्राम आपल्या संगणकावर चालू द्यावा की नाही, या प्रश्नाने जुन्या फिरत्या एजंटांची वाट अडवली होती. इथे कोण कुठे चालेल, हे यंत्रणेचा मालक ठरवतो.

ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहत असलेल्या स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या दुर्बिणीच्या नियंत्रण प्रणालीच्या आराखड्याचे नेतृत्व राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडेच होते. त्या प्रकल्पानेही टँगोचीच निवड केली. तिथे टँगोची उपकरणे कंटेनरमध्ये बंद करून कुबरनेटीस या कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीच्या हवाली केली जातात. एक संगणक गेला, तर त्यांना दुसऱ्यावर उभे करण्याचे काम कुबरनेटीस करते.