घाम वाळत नाही तेव्हा

१६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघातानं गेले, हे आपल्याला आठवतं. पण डोक्यावर ऊन नसतानाही उष्माघात होतो. आपलं शरीर थंड होतं ते घाम येण्यानं नव्हे, घाम वाळण्यानं. मानकोलीच्या गोदामात वर तापलेला पत्रा, भोवती खाडीकाठची दमट हवा. घाम नुसता निथळतो, उष्णता आतच साठते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऑक्टोबरचा उकाडा, मालाची घाई आणि नवी भरती एकदमच येतात. अंगाला उष्म्याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणजे धोका नव्या पोराला जास्त, आणि ‘जरा थांबतो’ म्हणायची हिंमत त्यालाच कमी. सुरुवातीला त्याला काम कमी द्यावं, तहान लागायची वाट न पाहता पाणी द्यावं.

कुणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर ‘नाटक करतोय’ म्हणू नये. सावलीत न्यावं, अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा, १०८ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

आम्ही तत्त्वज्ञानवाले सहनशीलतेला सद्गुण म्हणतो. पण तो सोसणाऱ्याचा गुण. दुसऱ्यानं सोसावं, ही अपेक्षा काही गुण नव्हे.