एसी लावला म्हणजे हवा खेळती झाली का?

दहा मीटरच्या एअर रायफल रेंजला मैदान लागत नाही. लांबट खोली, भक्कम भिंत आणि छर्रे अडवणारी पोलादी पेटी असली की सराव सुरू होतो. त्यामुळे ही रेंज शाळेच्या सभागृहात किंवा पत्र्याच्या शेडमध्येही बसते. 2022 मध्ये कैरोत याच प्रकारात विश्वविजेता ठरलेला रुद्रांक्ष पाटील ठाण्याचा, तर 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. त्यांच्याकडे पाहून डहाणू-तलासरीतल्या मुलामुलींनीही रायफल हाती घ्यावी, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच बंद रेंजमधल्या हवेबद्दलच्या काही चुकीच्या समजुती आधी दूर व्हायला हव्यात.

सगळ्यात पक्की समजूत म्हणजे एसी लावला की हवेचा प्रश्न मिटला. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि तीच परत सोडतो. बाहेरची ताजी हवा तो आत आणत नाही. दारे-खिडक्या बंद करून वीस मुले तासभर सराव करत असतील, तर खोली गार होते, पण श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइड तिथेच साठतो. मोकळ्या हवेत तो दहा लाख भागांत सुमारे 420 भाग असतो. माणसांनी भरलेल्या खोलीत तो हजारावर गेला, तर ताजी हवा कमी पडते आहे असे समजावे. तो मोजणारे छोटे यंत्र बाजारात मिळते, आणि प्रत्येक बंद रेंजवर ते असावे.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे: एअर रायफलमध्ये दारू नाही, धूर नाही, म्हणजे शिसेही नाही. पॉइंट टू-टूच्या काडतुसातल्या ठिणगी पाडणाऱ्या रसायनात बहुधा शिशाचे संयुग असते आणि बार उडताच ते नेमबाजाच्या तोंडासमोर हवेत मिसळते. एअर रायफलमध्ये हा भाग नाही, हे खरे. पण 4.5 मिलिमीटरचा छर्रा सहसा शिशाचाच असतो. तो पोलादावर आपटून चेपतो, फुटतो आणि त्याची बारीक धूळ होते. शिवाय एका सामन्यात 60 वेळा तो बोटांनी भरायचा असतो. जर्मनीत बंद रेंजवरच्या नेमबाजांच्या रक्तातले शिसे मोजून 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फक्त एअर गन वापरणाऱ्यांत ते लिटरमागे मध्यकाने 33 मायक्रोग्रॅम होते, तर सोबत पॉइंट टू-टूही वापरणाऱ्यांत 87. एअर गन सौम्य आहे, पण निर्धोक नाही. शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ज्ञात नसल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि वाढत्या वयात त्याचा मेंदूवर होणारा परिणाम सर्वाधिक असतो.

मग एक्झॉस्ट फॅन लावू, असे कोणी म्हणेल. जरूर लावावा, पण कुठे? उकडते नेमबाजांना, म्हणून तो त्यांच्या डोक्यामागे बसवला, तर पेटीजवळची धूळ त्यांच्या तोंडावरूनच बाहेर जाईल. हवा नेमबाजाच्या पाठीमागून आत यावी आणि निशाणाच्या बाजूने बाहेर पडावी. काडतुसांच्या रेंजसाठी अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेने फायरिंग लाइनवर हवेचा वेग मिनिटाला 75 फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे 38 सेंटिमीटर, असावा असे सुचवले आहे. तिथे हवा आत येते त्यापेक्षा थोडी जास्त बाहेर काढतात, म्हणजे धूळ शेजारच्या वर्गात शिरत नाही. एअर रायफलला एवढा बंदोबस्त लागत नाही, पण दिशा तीच हवी. आडवा झोत मात्र टाळावा. अर्धा मिलिमीटरच्या दहाच्या ठिपक्यासाठी तो त्रासदायकच.

उकाड्याने बंदूक बिघडते, ही भीतीही अनेकांना असते. आधी थकतो तो नेमबाज. कॅनव्हास आणि चामड्याचे ताठ जॅकेट, तसलीच पॅन्ट, हातात साडेपाच किलोपर्यंतची रायफल आणि 60 नेमांसाठी 75 मिनिटे. डहाणूच्या किनाऱ्यावर पारा आतल्या गावांइतका चढत नसेल, पण दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही, नाडी वाढते आणि चष्म्यावर वाफ धरते. इथे कूलर कामाचा नाही. तो हवेत आणखी ओलावाच घालतो. पत्र्याखाली उष्णतारोधक थर, ताज्या हवेची सोय आणि मग एसी, हा क्रम मला योग्य वाटतो.

रेंज झाडायला केरसुणी वापरू नये, कारण तिने शिशाची धूळ पुन्हा हवेत उडते. ओल्या फडक्याने पुसावे किंवा हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम वापरावा. मुलांनी डबा रेंजवर उघडू नये, हात साबणाने धुऊनच खावे आणि सरावाचे कपडे घरी वेगळे धुवावेत. पेटीतले शिसे झाकणाच्या डब्यात ठेवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यावे. मासेमारीच्या जाळ्याला वजन म्हणून किंवा घरी वितळवण्यासाठी ते कोणालाही देऊ नये.