चर्चमध्ये अभंग? हो, आणि टाळ-तबल्यावर!

परवा ऑफिसमधली एक मैत्रीण आमच्या रविवारच्या उपासनेला आली. मी पेटीवर धरलेली चाल ऐकून नंतर म्हणाली, "अगं, हे तर भजन आहे!"

भजनच आहे. आम्हा मराठी प्रोटेस्टंटांच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कितीतरी पदं आहेत. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण ओवी-अभंग काही सोडले नाहीत. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. हो, 'स्मृतिचित्रे'वाल्याच लक्ष्मीबाई.

पाश्चात्त्य चालींची गीतंही आम्ही गातो. तेव्हा निम्मी मंडळी पुस्तकात डोकं खुपसून असतात. अभंग लागला की मागच्या बाकावरच्या आजी पुस्तक मिटतात, चष्मा काढतात आणि टाळ हातात घेतात. मग लय आजींची, पेटीने मुकाट्याने मागे जायचं!

उपासनेनंतर चहा, आजाऱ्यांची चौकशी. कुणाकडे घरप्रार्थना असली की हीच पेटी रिक्षात बसून तिकडे निघते.

उपासना सगळ्यांसाठी खुली असते, कुणीही येऊन बसावं. चाली, पुस्तक, काहीही विचारायचं असेल तर जरूर विचारा.